यंत्राची साक्ष

माणसाने विश्वास कशावर ठेवावा, आपल्या देहाच्या जाणिवेवर की हाती असलेल्या साधनावर, हा प्रश्न रोजच्या व्यवहारात फारसा अवघड ठरत नाही. काटा हलका वाटला तर आपण दुसऱ्या काट्यावर वजन करून पाहतो. घड्याळ मागे पडल्याचा संशय आला तर शेजाऱ्यास वेळ विचारतो. निपाणीच्या वखारीत तंबाखूची पारख करणारे जुने जाणकार पान बोटांत चुरगाळून नाकाशी नेत आणि काट्याकडे नंतर पाहत. अशा वेळी आपल्याजवळ फुरसत असते आणि पायांखाली जमीन असते. या दोन्ही काढून घेतल्या म्हणजे हाच प्रश्न कोणते रूप घेतो, ते विमानाच्या कॉकपिटमध्ये दिसते. रात्रीची वेळ, खाली समुद्र, मागे शेकडो माणसे निर्धास्त बसलेली, आणि समोरची दोन उपकरणे एकमेकांविरुद्ध साक्ष देत आहेत. निकाल काही सेकंदांत द्यावयाचा आहे आणि त्यावर अपील नाही.

हा विषय यंत्रशास्त्राचा. साहित्यप्रेमी मंडळींच्या अंकात त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. माझ्या मते हा मुळात ज्ञानाचा आणि त्याहूनही जबाबदारीचा प्रश्न आहे. शिवाय तो आता आपल्यापासून दूर राहिलेला नाही. सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झाली, तेव्हा आपल्या आजोबांनी ती लांबून पाहिली असेल. आज आपल्यापैकी किती कुटुंबांची मुले, सुना, नातवंडे विमानाने ये-जा करतात, ते सांगावयास नको. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे जो अपघात झाला, त्यानंतर घराघरांत ‘यंत्र चुकले की माणूस?’ हीच चर्चा होती. त्या अपघाताविषयी मी येथे काही लिहिणार नाही. चौकशीच्या कामात उमेदीची वर्षे गेली असल्याने निवाड्याची घाई करण्याची मला भीती वाटते. त्याऐवजी एका जुन्या, पुरेशी चौकशी झालेल्या घटनेकडे वळू.

१ जानेवारी १९७८ ची रात्र. एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईस निघाले. १९७१ साली भारतात आलेले हे एअर इंडियाचे पहिले जंबो. त्याच्या वरच्या मजल्याची आणि सजावटीची वर्णने त्या काळी मासिकांतून चवीने वाचली जात. त्या रात्री विमानात १९० उतारू आणि २३ कर्मचारी होते. कॅप्टन मदनलाल कुकर हे सुमारे अठरा हजार तासांच्या उड्डाणांचा अनुभव असलेले ज्येष्ठ वैमानिक. सहवैमानिक इंदू विरमाणी हवाई दलातून आलेले. मागच्या आसनावर फ्लाइट इंजिनिअर आल्फ्रेडो फारिया. वांद्र्याचा किनारा ओलांडून विमान काळोख्या समुद्रावर आले, ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळले आणि पुन्हा सरळ झाले. वैमानिकासमोर एक गोल उपकरण असते. बाहेरचे क्षितिज दिसेनासे झाले की तेच त्याचे क्षितिज. कॅप्टनसमोरचे हे उपकरण मात्र उजव्या कलातच अडकून राहिले. विमान उजवीकडे कललेले आहे, असे ते सांगत राहिले आणि म्हणून ते सरळ करण्यासाठी कॅप्टन त्यास डावीकडे कलवू लागले. सरळ असलेले विमान अशा रीतीने डावीकडे, आणखी डावीकडे झुकत गेले आणि अखेर जवळजवळ उलथले. धावपट्टी सोडल्यापासून सुमारे १०१ सेकंदांत ते समुद्रात कोसळले. कोणीही वाचले नाही.

मी त्या वेळी कॉलेजात होतो. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी रेडिओवर ही बातमी ऐकताना सर्वांच्या तोंडी घातपाताचा संशय होता. अवशेष हाती आल्यावर स्फोटाची शक्यता निकालात निघाली. पुढे अमेरिकेत खटला चालला. विमान बनवणारी कंपनी आणि उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या यांच्यावरील हलगर्जीपणाचा आरोप न्यायाधीश जेम्स फिट्झजेराल्ड यांनी १९८५ साली फेटाळला. म्हणजे दोष, कायद्याच्या भाषेत, समुद्रतळाशी गेलेल्या माणसांकडे उरला.

मला या घटनेतील जी गोष्ट अनेक वर्षे छळत राहिली ती वेगळीच आहे. अशा विमानात क्षितिज दाखवणारे उपकरण एकच नसते. एक कॅप्टनसमोर, दुसरे सहवैमानिकासमोर आणि तिसरे, दोहोंत मतभेद झाल्यास पाहण्यासाठी, मध्यभागी राखीव. कॉकपिटमधील संभाषण ध्वनिमुद्रित होत असते. त्यावरून असे दिसते, की आपले उपकरण बिघडले आहे हे कॅप्टनच्या ध्यानात आले होते. त्यांनी ते बोलूनही दाखवले. त्यावर सहवैमानिकाने उत्तर दिले, की माझेही तसेच झाले आहे. त्यांचे उपकरण बहुधा व्यवस्थित चालू होते आणि विमान डावीकडे कलल्याचे खरेखुरे दाखवत होते. मग ते असे का म्हणाले? एक तर्क असा, की विमान सरळ आहे हे त्यांनी गृहीत धरले, म्हणून समोरचा खरा कल त्यांना बिघाड वाटला. दुसऱ्या शब्दांत, खोटा साक्षीदार खोटा आहे हे कळल्याबरोबर खऱ्या साक्षीदारालाही खोट्यात जमा केले गेले. अगदी शेवटच्या क्षणांत फ्लाइट इंजिनिअर फारिया यांना हा फरक दिसला. त्या उपकरणावर जाऊ नका, असे ते कळकळीने सांगू लागले. तोपर्यंत वेळ संपली होती.

आता कोणी विचारील, की एवढे अवाढव्य विमान एका कुशीवर जात असताना आत बसलेल्या अनुभवी माणसांना ते अंगाला कसे जाणवले नाही? याचे उत्तर आपल्या कानात आहे. कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि शरीराचे वळणे त्या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूस कळते. वळण अगदी सावकाश असेल तर द्रव पुरेसा हलत नाही आणि वळण कळतच नाही; वळण बराच वेळ चालू राहिले तर द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि आपण सरळ चाललो आहोत असे वाटते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली एक प्रयोग झाला. उपकरणांवर विसंबून विमान चालवण्याचे शिक्षण न मिळालेल्या २० शिकाऊ वैमानिकांना क्षितिज दिसणार नाही अशी व्यवस्था करून उड्डाण करण्यास सांगितले. विसाच्या वीस जणांचा विमानावरील ताबा सुटला. त्यास लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद. म्हणूनच वैमानिकास प्रथमपासून एकच गोष्ट घोकून घ्यावी लागते: तुझे शरीर खोटे बोलेल, उपकरणावर विश्वास ठेव. कॅप्टन कुकर यांनी आयुष्यभर पाळलेला नियम हाच होता. हजारो रात्री या नियमाने त्यांना सुखरूप घरी आणले आणि एका रात्री त्यानेच दगा दिला. येथे आपण नुसते ‘चूक’ म्हणून पुढे जाऊ शकतो का?

आपल्या दर्शनकारांनी हा प्रश्न विमानाशिवायच ओळखला होता. झालेले ज्ञान खरे आहे हे कशावरून समजावे, या मुद्द्यावर मीमांसक आणि नैयायिक यांचा वाद प्रसिद्ध आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्यास बाहेरून दाखल्याची गरज नाही. ते खोटे ठरते ते दोनच कारणांनी. एक, त्याच्या विरुद्ध दुसरे ज्ञान उभे राहिले, ज्यास बाधक ज्ञान म्हणतात. दुसरे, ज्या साधनाने ते झाले त्या साधनातच दोष आहे असे कळले. काविळीच्या रोग्याला शंख पिवळा दिसतो. डोळ्यांत दोष आहे हे कळले, की पिवळेपणावरील विश्वास उडतो. नैयायिक म्हणतात, असे चालणार नाही. ज्ञानाचे खरेपण बाहेरून तपासावे लागते आणि त्याची शेवटची कसोटी म्हणजे त्यावर विसंबून केलेली कृती सफळ होणे. लांबून पाणी दिसले. जवळ जाऊन तहान भागली तर ते पाणी, नाहीतर मृगजळ.

महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकताना मला नैयायिकांची बाजू अधिक रास्त वाटे. कॉकपिटचा विचार करू लागल्यावर मात्र तिची अडचण कळली. मृगजळाकडे गेलेला माणूस फार तर पाय दुखवून परत फिरतो. समुद्रापासून काही हजार फुटांवर, रात्री, कृती करून मग तिचे फळ पाहावे म्हटले तर फळ पाहावयास कोणी उरत नाही. तेथे मीमांसकांसारखेच वागावे लागते: समोरचे ज्ञान खरे धरून चालावयाचे, परंतु बाधक ज्ञानाकडे आणि साधनाच्या दोषाकडे डोळे सतत उघडे ठेवावयाचे. अशी पडताळणी तीन-चार ज्ञानांपलीकडे नेण्याची गरज पडत नाही, असे कुमारिल भट्टांनी म्हटले आहे, हे वाचताना जंबो विमानातील ती तीन क्षितिजे माझ्या डोळ्यांसमोर आली. ‘उपकरणावर विश्वास ठेव’ हा नियम म्हणजे खरे पाहता अर्धाच नियम आहे. उपकरणांना एकमेकांची साक्ष काढावयास लाव, हे त्याचे उरलेले अर्धे. आणि ही साक्ष काढण्याचे काम एकट्याच्या डोळ्यांनी होत नाही, कारण घाबरलेला माणूस एकाच उपकरणाकडे टक लावून पाहतो. तेथे शेजारच्या माणसाचा शब्द हवा. प्रत्यक्ष फसले, अनुमान फसले, तर शब्द हे प्रमाण उरते. अट एवढीच, की बोलणारा आप्त, म्हणजे विश्वसनीय असावा, आणि त्याने वेळेवर बोलावे.

कागदावरची नोंद आणि अंगावर येणारे वास्तव यांतील अंतर आपणा सीमाभागातील माणसांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. एकाच गावाची दोन दप्तरांत दोन नावे आणि एकाच माणसाची तीन उताऱ्यांवर तीन आडनावे पाहत आपण वाढलो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका तालुक्याच्या कचेरीत पाहिलेला प्रकार आठवतो. आवारात पर्जन्यमापक होता. एका सकाळी, रात्रभर धो-धो पाऊस झाल्यावर, शिपाई माप पाहून आला आणि त्याने पाऊस ‘शून्य’ म्हणून सांगितला. नरसाळ्यात पालापाचोळा अडकून पाणी बाहेरच वाहून गेले होते. सांगणाऱ्याच्या कपड्यांतून पाणी ठिबकत होते, लिहिणाऱ्या कारकुनाने खिडकी पावसामुळेच लावून घेतली होती, आणि रजिस्टरात शून्य लिहिले गेले. वरच्या कचेरीने तो आकडा तसाच पुढे पाठवला. मी त्या शिपायास नंतर विचारले, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, मला माप बघायला सांगितलं होतं, पाऊस बघायला नव्हे.” त्याच्या उत्तरावर कचेरीत बरेच दिवस हशा पिकला. पण नीट पाहिले तर त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्याचे मत कोणी विचारले नव्हते, आणि न विचारता मत दिल्यास काय होते हे त्याने नोकरीत पाहिले होते.

याच ठिकाणी प्रश्न यंत्राचा न राहता माणसांच्या उतरंडीचा होतो. योगायोग असा, की ज्या १९७८ सालाच्या पहिल्या दिवशी मुंबईचा अपघात झाला, त्याच सालाच्या २८ डिसेंबरला अमेरिकेत पोर्टलंड येथे एक डीसी-८ विमान पडले. चाके नीट उतरून बसली असल्याचा इशारा देणारा दिवा लागला नाही, एवढीच मूळ अडचण. कॅप्टन त्या दिव्याच्या विवंचनेत सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले आणि इकडे इंधन संपत चालले. इंधनाचे काटे खरे सांगत होते. फ्लाइट इंजिनिअर ते पाहत होता आणि बोलतही होता. पण साहेबांस दुखवू नये अशा बेताने, सुचवल्यासारखे. अखेर इंजिने एकामागून एक बंद पडली आणि दहा जणांचे प्राण गेले. या आणि अशा अपघातांनंतर अमेरिकेत, पुढे जगभर, वैमानिकांच्या शिक्षणात एक नवा भाग आला: कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत कशी सांगावी आणि वरिष्ठाने ती कशी ऐकावी. साहेबाच्या पुढे आणि घोड्याच्या मागे उभे राहू नये, ही म्हण घरोघरी ऐकवणाऱ्या आपल्या समाजास हे शिक्षण किती जड जाईल, याची कल्पना वाचक करू शकतात.

जड जाते याचा दाखला फार दूर शोधावा लागत नाही, आणि तो सांगताना मन कचरते. ७ ऑगस्ट २०२० च्या पावसाळी संध्याकाळी कोळिकोड येथे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीपलीकडे जाऊन कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण मृत्यू पावले. कॅप्टन दीपक वसंत साठे हे नागपूरचे, हवाई दलात नावाजलेले अधिकारी. उतरण्याच्या पहिल्या प्रयत्नातच त्यांच्या बाजूच्या काचेवरील वायपर बंद पडला होता. एखादा साधा वायपर. पण मुसळधार पावसात तोच वैमानिकाचा डोळा. वर्षभराने आलेल्या अधिकृत अहवालाने मात्र विमान धावपट्टीवर फार पुढे टेकले, सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घेण्यास सांगूनही ते तसेच उतरवले गेले, असा निष्कर्ष काढला. आणि सहवैमानिक स्वतः ताबा घेऊ शकला नाही याचे एक कारण म्हणून दोघांमधील अधिकाराच्या तीव्र उताराचा उल्लेख केला. आपल्या वर्तमानपत्रांनी एका दिवसात त्यांना वीर ठरवले होते. माझ्या मते ते वीरही होते आणि अहवालही खरा असू शकतो. या दोन गोष्टी एकत्र मनात ठेवणे आपल्याला जमत नाही, म्हणून आपण एकतर हार घालतो किंवा दगड मारतो.

येथवर यंत्र एक आणि माणसे अनेक, असा हिशेब होता. गेल्या काही दशकांत तो बदलला. आजचे विमान बहुतेक वेळ स्वतःच उडते. वैमानिक त्यावर देखरेख करतो. याने प्रवास अधिक सुरक्षित झाला आहे आणि ते नाकारणे म्हणजे केवळ म्हातारपणाची कुरकुर होईल. परंतु देखरेख करणाऱ्याचा हात मोडतो, हेही खरे. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाणारे एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरात पडले आणि २२८ जण गेले. विमानाचा वेग मोजण्यासाठी पुढच्या भागात बोटाएवढ्या नळ्या असतात. त्यांत बर्फाचे कण अडकले आणि वेगाचे आकडे चुकू लागले. (१९९६ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकात १८९ बळी घेणाऱ्या अपघातात अशीच नळी बुजली होती, तेथे बहुधा कुंभारीण माशीने घर केले होते. आपल्या भिंतीवर, कुलपाच्या भोकात जी करते तीच.) आकडे जुळेनात, तेव्हा स्वयंचलित यंत्रणेने नियमाप्रमाणे अंग काढून घेतले आणि विमान अचानक दोन सहवैमानिकांच्या हाती दिले, कॅप्टन त्या वेळी विश्रांतीस गेले होते. नळ्यांचा बिघाड मिनिटभरही टिकला नाही. पण तेवढ्यात एकाने विमानाचे नाक वर ओढले आणि ते ओढलेलेच ठेवले. दोघांपुढील नियंत्रणाच्या मुठी एकमेकींना जोडलेल्या नसल्याने एकाचा हात काय करतो आहे हे दुसऱ्यास बराच वेळ उमगले नाही.

त्याहून विलक्षण प्रकार पुढे घडला. पंखांची उचल संपत आल्याचा इशारा विमान ओरडून देत होते. नाक फारच वर गेले आणि मोजलेला वेग अगदी कमी झाला, तेव्हा हे आकडे संभवतच नाहीत असे मानून यंत्रणेने इशारा बंद केला. वैमानिकाने नाक थोडे खाली करताच, म्हणजे योग्य दिशेने पाऊल टाकताच, आकडे पुन्हा ‘संभाव्य’ झाले आणि इशारा पुन्हा वाजू लागला. चूक केली की शांतता, सुधारली की आरडाओरडा! अशा साक्षीदारापुढे बुद्धिमान माणसाचीही मती गुंग व्हावी. यंत्र खोटे बोलत नव्हते. त्याला जेवढे ठाऊक होते तेवढेच ते सांगत होते, आणि ठाऊक नसेल तेथे गप्प बसत होते. त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘सर्व ठीक’ असा नव्हता, हे मात्र त्याला सांगता येत नव्हते. साडेतीन-चार मिनिटे विमान पोटावर पडल्यासारखे खाली येत राहिले. २०१३ साली अमेरिकेच्या विमान प्रशासनाने कंपन्यांना वैमानिकांकडून हाताने विमान चालवून घेण्यास उत्तेजन द्यावे असे कळवले, त्यामागे अशीच काळजी होती.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. ११ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीहून निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७७७ विमान पंधरा तासांच्या प्रवासानंतर न्यूयॉर्कवर पोहोचले. ३७० उतारू, खाली दाट ढग, आणि उतरण्यास मदत करणाऱ्या अनेक यंत्रणा एकामागून एक निकामी झालेल्या. कॅप्टन रुस्तम पालिया यांनी जमिनीवरील नियंत्रकास काय काय चालत नाही याची यादी सरळ सांगितली, आपण अडचणीत आहोत आणि इंधनही फारसे नाही हे लपवले नाही, आणि नेवार्कला वळून विमान हाताने सुखरूप उतरवले. कॉकपिटमध्ये त्यांच्या सोबतीस आणखी वैमानिक होते. हे संभाषण मी वाचले तेव्हा मला त्यातील कौशल्यापेक्षा त्यातील निःसंकोच कबुलीचे नवल वाटले. आपल्याला काय ठाऊक नाही हे उघड बोलणारा वरिष्ठ अधिकारी मी नोकरीत क्वचित पाहिला.

त्यानंतर दीड महिन्यांनी इंडोनेशियात जे घडले त्यात सर्वांचा वाटा आहे: कारखान्याचा, दुरुस्तीच्या शाळेचा, वैमानिकांचा आणि एका नोंदवहीचा. बोइंग ७३७ मॅक्स या नव्या विमानात एक यंत्रणा बसवली होती. विमानाचे नाक वाऱ्याशी फार मोठा कोन करते आहे असे वाटल्यास ती आपण होऊन नाक खाली दाबी. हा कोन मोजणारी पाती विमानाच्या दोन्ही बाजूंस असतात, तरी ही यंत्रणा एका वेळी एकाच पात्याचे ऐके. एका साक्षीदारावर फाशी, असा तो कारभार. आणि ती यंत्रणा विमानात आहे हे वैमानिकांच्या पुस्तिकेत सांगितलेलेही नव्हते. लायन एअरच्या एका विमानात दुरुस्त करून आणलेले पाते बसवले गेले, ते सुमारे २१ अंशांनी चुकीचे दाखवत होते. कोणा एका कारागिराच्या टेबलावर राहिलेली ही चूक. बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांनी आयुष्य काढले त्यांना ठाऊक आहे, की मोजणारे साधनच अधूनमधून मोजून घ्यावे लागते. निपाणीच्या वाटेवर हत्तरगीस ज्या कारखान्यांत विमानांचे सुटे भाग तयार होतात, तेथे आपल्यातीलच मुले-मुली तपासणीच्या कागदांवर सही करतात. त्या सहीवर आकाशात कोणी तरी विसंबलेले असते, ज्यास त्यांचे नावही ठाऊक नसते.

२८ ऑक्टोबर २०१८ रोजी रात्री ते विमान बालीहून जकार्तास निघाले. उड्डाण होताच कॅप्टनची मूठ धोक्याच्या इशाऱ्याने थरथरू लागली, वेगाचे आकडे जुळेनात आणि विमान पुन्हा पुन्हा नाक खाली घालू लागले. त्या रात्री कॉकपिटमध्ये योगायोगाने एक तिसरा वैमानिक बसलेला होता; त्याची त्या उड्डाणावर कामगिरी नव्हती. शेपटीचा कल बदलणारी मोटर बंद करावी, ही सूचना त्याची होती असे पुढे प्रसिद्ध झाले. ती बंद केली गेली, वैमानिकांनी हाताने चाक फिरवीत विमान नेले आणि रात्री अकराच्या सुमारास ते जकार्तास उतरले. मुंबईच्या त्या रात्री फारियांचा जो शब्द उशिरा आला, तसाच शब्द येथे वेळेवर आला होता.

मग कॅप्टनने विमानाची नोंदवही लिहिली. वेग आणि उंची यांचे आकडे जुळत नाहीत, अमुक दिवा लागला, एवढे तिच्यात आले. मूठ सबंध प्रवासभर थरथरत होती, हे आले नाही. विमान आपोआप नाक खाली घालत होते आणि मोटर बंद करून ते आणावे लागले, हेही आले नाही. ही ओळ का राहिली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यात लबाडी दिसत नाही. विमान सुखरूप उतरले होते, संकट टळले होते, आणि टळलेल्या संकटाविषयी लिहिताना माणसाचे हात आखडतात. आमच्या कचेऱ्यांतून तर ‘निकाली’ असा शेरा मारला की मागचे सर्व पुसले जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, दिल्लीचे तरुण कॅप्टन भव्य सुनेजा यांच्या हाती, तेच विमान १८९ जणांना घेऊन उडाले आणि समुद्रात पडले. पाच महिन्यांच्या आत इथिओपियात त्याच जातीचे दुसरे विमान पडले व आणखी १५७ जण गेले.

मधल्या सात तासांत तंत्रज्ञांनी वही वाचली होती. लिहिलेल्या दोषांवर त्यांनी इलाज केले, जमिनीवर तपासणी केली, आणि विमान उड्डाणास योग्य असल्याची सही केली. वहीत होते तेवढे त्यांनी बरोबर वाचले होते.